एकतीस जूनचं जेवण

ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यात औषधांची नावं नाहीत. ती मला तेव्हाही पाठ नव्हती. चुका मात्र सगळ्या पाठ आहेत.

पास

माझं वजन तेव्हा एकशे आठ किलो होतं. अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. गिअर मोजायचे, माप चुकलं की लाल खूण करून बाजूला काढायचे. केसाएवढा फरक माझ्या हातातून सुटत नसे. स्वतःच्या अंगावरचा चाळीस किलोंचा फरक मात्र मी पंधरा वर्षं पास करत आलो होतो.

भरीस भर म्हणजे मी कॅन्टीन कमिटीत होतो. रोज साडेअकराला, कामगारांना वाढण्याआधी, जेवणाची चव घेऊन वहीत सही करायची. इतर सभासद चमचाभर वरण चाखत. माझं म्हणणं असं की, पूर्ण ताट खाल्ल्याशिवाय मत देणं हा कामगारांवर अन्याय आहे. बारा वाजता शोभाचा, म्हणजे बायकोचा, डबा असायचाच. टर्नर मंडळी लांबून ओरडायची, "अण्णा, चव झाली का? उरलं असंल तर आम्हालाबी बघू द्या!"

पोट अधूनमधून बिघडायचं. रविवारची मिसळ आणि वर चार पाव झाले की सोमवारी हमखास. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी. दुकानदार मला बघितल्यावर न विचारता काढायचा. डॉक्टरची फी वाचवली म्हणून मी त्यातल्या पैशांचा वडापाव खायचो.

दोन हजार तीनच्या सुमारास कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं रक्त घेतलं आणि मला दुसऱ्यांदा बोलावलं. एरवी दुसऱ्यांदा कुणाला बोलावत नसत. तिथून गंगापूर रोडच्या पोटाच्या डॉक्टरांकडे. आधी सोनोग्राफी. तो मशिनवाला माझ्या पोटावर यंत्र दाबत म्हणाला, "श्वास घ्या. धरा. अजून घ्या." मग स्वतःशीच, "अजून लिव्हर लागत नाहीये." घोटीकडे विहिरी खणताना असं बोलतात, ते आठवलं. मी त्याच बाजूचा, भातावर वाढलेला.

डॉक्टर म्हणजे एक मध्यमवयीन बाई होत्या. शांत. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "चहा किती?"

"दोन."

शोभा शेजारी होती. "दोन घरी. कंपनीतले धरले नाहीत यांनी."

लिव्हरवर चरबी, लिव्हरला सूज आणि रक्तात साखर, असं निदान झालं. भीती वाटली का, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर बाई बोलत असताना मी त्यांच्या भिंतीवरचा आतड्याचा तक्ता बघत होतो आणि मनात म्हणत होतो की, एवढं लांब आहे तर भूक लागणारच. भीती नंतर आली, स्कूटरला किक मारताना. तीन किका मारल्या, चावी लावलीच नव्हती.

तीन पेनं

बाईंनी एक वही दिली. "पंधरा दिवस. तोंडात जाईल ते लिहायचं. वेळ, पदार्थ, किती. त्यावरून मी औषध ठरवीन."

आता यातली माझी अडचण बाहेरच्याला कळणार नाही. आमच्या कंपनीला नुकतंच दर्जाचं सर्टिफिकेट मिळालेलं. त्यासाठी प्रत्येक मशिनची रोजची नोंद लागायची, आणि ती रोज कुणीही करत नसे. ऑडिटर यायच्या आदल्या दिवशी आम्ही तीन महिन्यांच्या नोंदी एका दुपारी भरायचो. मी त्यातला वस्ताद. निळं पेन, काळं पेन आणि एक अर्धवट सुकलेलं. मध्येच एखादं पान चहाच्या डागाचं. आकडे थोडे वरखाली, म्हणजे खरे वाटतात. सलग तीन ऑडिट माझ्या वह्या बघून ऑडिटर खूश होऊन गेले होते.

तेव्हा बाईंची वही मी कशी भरली, हे सांगायला नको. अपॉइंटमेंटच्या दिवशी, त्यांच्याच दवाखान्याच्या बाकावर, पस्तीस मिनिटांत. सकाळी एक पोळी. दुपारी दीड भाकरी, पालेभाजी, ताक. रात्री मुगाची खिचडी, वाटीभर. एका पानावर ताकाचा थेंब पाडावा असं फार वाटलं, पण ताक नव्हतं.

बाईंनी वही लक्ष देऊन वाचली. कपाळाला आठी पडली. "इतकं कमी खाऊन साखर एवढी? मग गोळी जोरातली द्यावी लागेल."

मी मान डोलावली. कारखान्यात एखादा गिअर नापास झाला की मी आधी मोजमापाची पट्टी तपासायचो. इथे पट्टीच खोटी होती आणि ती मीच बनवली होती. तरी मी चिठ्ठीची घडी करून खिशात टाकली.

गोळी सुरू झाली आणि नेहमीचं जेवणही चालू राहिलं. आठ दिवस दोघांचं बरं जमलं. नवव्या दिवशी मला पश्चात्ताप झाला. ठरवलं, आज वहीत लिहिल्याप्रमाणे खरंच वागायचं. गोळी घेतली, एक पोळी खाल्ली, कॅन्टीनच्या चवीला दुसऱ्या सभासदाला पाठवलं. पावणेबाराला हात थरथरायला लागले, घामानं शर्ट भिजला, आणि मी गिअरच्या ट्रेवर आडवा झालो. आयुष्यात एकच दिवस प्रामाणिक राहिलो आणि त्याच दिवशी पडलो.

मला उचलायला पाच जण लागले. सहावा म्हणत होता, क्रेन आणू का.

चार दिवस

दवाखान्यात चार दिवस होतो. सकाळी सहाला मावशी फिनेलनं फरशी पुसायच्या, साडेसहाला बोटाला सुई, सातला बिनसाखरेचा चहा. बोट टोचणारी सिस्टर टोचताना तिच्या सिन्नरच्या बसची तक्रार सांगायची. बस सुटली की नाही हे कळेपर्यंत रक्त काढून झालेलं असायचं. त्या चार दिवसांतलं ते सगळ्यात मोठं सुख.

भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणायचा. आपल्याकडे आजारी माणसाला बिस्किटच द्यायचं असतं, मग तो साखरेनं का पडलेला असेना. तिसऱ्या दिवशी कॉटखाली पुड्यांची थप्पी लागली होती. मावशी झाडू घालताना म्हणाल्या, "दुकान टाकलंय का काय दादा?"

बाई राउंडला आल्या त्या वही घेऊनच. शोभा उशाशी बसलेली. बाईंनी एक पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"एकतीस जूनला रात्री तुम्ही मुगाची खिचडी खाल्लीत?"

"हो," मी म्हणालो.

"वाटीभर?"

"वाटीभर."

"जून तीस दिवसांचा असतो."

शोभानं वही हातात घेतली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अहो, तीन वेगवेगळी पेनं घेऊन गेला होतात?"

बाई रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि हिशेब सरळ सांगितला. सहा महिने देते. वजन, साखर आणि लिव्हरची सूज उतरली नाही, तर इन्सुलिनची सुई सुरू. आणि लिव्हरचं दुखणं एकदा पुढे गेलं की मागे येत नाही. मग त्या मेडिकलमधल्या गोळ्यांबद्दल विचारत बसल्या. किती वर्षं, किती पट्ट्या. हे पहिल्यांदाच मी खरं सांगितलं.

"तुमच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटतं तुम्ही एकटे जेवता. आत पंगत बसलेली असते. जे वाढाल ते खाणारे टिकतात, बाकीचे उठून जातात. पाव, साखर, पांढरा भात वाढत राहिलात तर तेच मागणारे उरतात. आणि दर महिन्याला ती जंतू मारायची गोळी म्हणजे बसल्या पंगतीवर बादलीभर पाणी. हे सगळं अजून नवीन आहे, मीही वाचतेच आहे, तेव्हा छातीठोक सांगत नाही. पण कोंडा, भरडधान्य, कडधान्य, पालेभाजी, ताक, एवढं त्या पंगतीला सहा महिने वाढून बघा."

साखरेची गोळी त्यांनी कमी केली. वही नवीन दिली. स्वतःचं पेन काढून दिलं, "हे एकच वापरा" म्हणाल्या.

काळी तबकडी

आता शोभाचं ऐका. तिनं मला कमी साखरेनं पडलेला बघितला होता. त्यामुळे जास्त साखर नावाची काही गोष्ट असते हे ती विसरूनच गेली. बाईंनी दिलेला खाण्याचा तक्ता फ्रिजवर चिकटवला, सकाळ-संध्याकाळ त्याप्रमाणे केलंही, पण कंपनीचा डबा भरताना तिला धीर व्हायचा नाही. "तिथे कुणी नसतं तुमच्याजवळ. पुन्हा चक्कर आली तर?" म्हणून चार पोळ्या तूप लावून, बटाट्याची भाजी आणि कोपऱ्यात शिऱ्याचा गोळा. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. ती भीती मीच तीन पेनांनी लिहून तिच्या हातात दिली होती.

डबा उघडून मी असा बसलेलो असताना समोर सीताराम जेवत होता. सीताराम लेथवर. सुरगाण्याकडचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगानं काठीसारखा. कारखान्याजवळच खोली घेऊन बायकोसोबत राहायचा. गावाहून जीपनं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं यायचं. रोज नागलीच्या दोन भाकरी, उडदाचं घट्ट वरण नाहीतर एखादी पालेभाजी, ठेचा. त्या भाकरीला मी सात वर्षं काळी तबकडी म्हणत आलो होतो. "सीताराम, आज कुठलं गाणं लावलंस?" असं रोज विचारायचो आणि अख्खं टेबल हसायचं. आमच्या घरात नागली शिजत नसे. डोंगरातल्या लोकांचं खाणं, असा एक रुबाब आमच्यासारख्या भातवाल्यांना असतोच.

त्या दिवशी मी विचारलं, "सीताराम, एक भाकरी देतोस?"

त्यानं वर बघितलं. "गानं आयकायचं का अण्णा?"

"खायचीय. डॉक्टरांनी सांगितलंय."

सीतारामनं डबाच सरकवला. "घ्या की. मला तर रोज तेच खाऊन कटाळा आला. तुमचा तो शिरा वास मारतोय पलीकडपर्यंत."

असा आमचा व्यवहार ठरला. कॅन्टीन कमिटीतून मी आधीच नाव काढून घेतलं होतं. माझा डबा त्याला, त्याचा मला. अन्न वाया जाणार नाही, शोभाला कळणार नाही, मला सांगितलेलं खाता येईल. मला तर हे इतकं हुशारीचं वाटलं की दोन दिवस स्वतःवर खूश होतो. पहिला आठवडा पोटात असा गडगडाट व्हायचा की शेजारचा माणूस कॉम्प्रेसर बघायला उठायचा. मग ते शांत झालं. महिन्याभरात दुपारी चारच्या वड्याची आठवण येईनाशी झाली. आवरलं म्हणून नव्हे, येतच नव्हती. मला तो आजार वाटला, मी बाईंना फोन करून विचारलंही. त्या म्हणाल्या, "पंगत बदलतेय बहुतेक. आणि दुपारचा भात, पोळी, शिरा बंद आहे, त्याचंही श्रेय असेल."

नवीन वहीत मी दुपारी भाकरी लिहायचो. ती कुणाची, हे लिहायचा रकाना नव्हता.

जमनाबाई

सहा महिन्यांनी वजन पंच्याण्णव. सूज उतरलेली. इन्सुलिन टळलं. बाईंनी शोभाकडे बघून म्हटलं, "हे तुमच्या डब्याचं काम." शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या चार बायका कागद घेऊन डब्याची कृती लिहून घ्यायला आल्या. तिनं त्यांना पोळ्या, बटाटा आणि शिरा सांगितला असणार. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो, उलटा.

कंपनीच्या पुढच्या वार्षिक तपासणीत दुसऱ्यांदा बोलावलं ते सीतारामला. माझं लक्ष तोवर माझ्या पट्ट्याच्या भोकांवर. सीतारामच्या पॅन्टचं बटण कधीपासून उघडं असतं, हे रोज समोर बसूनही मी बघितलं नव्हतं. वजन अकरा किलोंनी वाढलेलं. साखर काठावर.

दोन दिवसांनी सुट्टीच्या वेळी गेटवर एक बाई उभी. नऊवारी, खांद्यावर पिशवी. सीतारामची बायको, जमनाबाई. तिला मी एकदाच, कंपनीच्या पूजेला बघितलेलं.

"भाऊ, तुमी लय बारीक झाले. समदे सांगतात. आमचे तर फुगत चालले. डाक्टर म्हनला साखर येईल. तुमी काय औषिद घेतलं ते यांनाबी सांगा ना."

मी म्हटलं, "औषध असं काही..."

"मी तर डब्यात तिसरी भाकर घालाया लागले, डबा चाटून पुसून येतो म्हनून. मंग मला वाटलं, ही नागलीच बाधती. आता घरात नागली बंद केली. उद्यापासून चपाती देते गव्हाची. सासूनं पाठवलेलं पोतं शेजारी देऊन टाकते."

तिसरी भाकरी मी खात होतो. तेव्हाच वाटलं होतं, सीतारामच्या बायकोचा हात आता सैल सुटलाय.

दोन बायका, दोन डबे. इकडे शोभाला शिऱ्याचं श्रेय मिळालेलं, तिकडे जमनाबाई नागलीवर आळ घेऊन पोतं वाटायला निघालेली. सीताराम बाजूला मान खाली घालून उभा. त्यानंही घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर शिरा गेला असता.

एकतीस जूनला मी गप्प बसलो होतो, तेव्हा मार माझ्या एकट्याच्या अंगावर आला. आता तो दुसऱ्याच्या अंगावर आला होता. मी तिथेच गेटवर सगळं सांगितलं. जमनाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे वळली.

"तुपाची पोळी खाताना माझी आठवन नाय झाली व्हय?"

पिशवी खांद्यावर नीट केली आणि मला म्हणाली, "सात वरसं तबकडी म्हनत होते न भाऊ? मला म्हाईत हाय."

एक पेन

घरी शोभाला सांगणं जास्त जड गेलं. तीन दिवस ती माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलली. चौथ्या दिवशी रिकामा डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "त्या जमनाबाईंना रविवारी बोलवा. उकड कशी काढतात ते मला बघायचंय."

जमनाबाई आली. पोतं तिनं वाटलं नव्हतं. शोभाच्या पहिल्या चार भाकऱ्या तव्यावर टाकताना फुटल्या. जमनाबाई म्हणाली, "पानी कढत पायजे ताई, कोमट नाय." दोघी स्वयंपाकघरात हसत होत्या. कुणाला, ते मी विचारलं नाही.

सीतारामला घेऊन मी बाईंकडे गेलो आणि अदलाबदलीची सगळी गोष्ट सांगितली. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परदेशात पोटातल्या जिवाणूंवर उंदरांत प्रयोग चाललेत, असं वाचलं होतं."

"उंदीर कशाला बाई," मी म्हटलं, "आम्ही दोघं आहोत ना."

त्या हसल्या, पण थोड्याच. म्हणाल्या, दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, आणि हा उभा राहून काम करणारा माणूस बारा महिन्यांत काठावर आला, यात हसण्यासारखं कमी आहे. मग सीतारामला वही दिली. पंधरा दिवस. तोंडात जाईल ते.

पंधराव्या दिवशी आम्ही जेवायला बसलो. आता दोन्ही डब्यांत नागलीच. शोभाची अजून कडेनं फुटते. सीतारामनं इकडेतिकडे बघितलं, माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, तुमची ती जुनी वही हाय का? आज चारला जायचंय बाईंकडं. पंधरा दिसांचं भरायचं ऱ्हायलंय. तेवढी उतरवून घेतो."

माझ्या खिशाला नेहमीप्रमाणे तीन पेनं होती. सवय मोडत नाही. त्यातलं निळं काढून त्याला दिलं.

"आजचं लिही," मी म्हटलं. "दोन भाकरी, वरण. मागचे चौदा दिवस कोरे सोड, आणि बाईंना तसंच दाखव."

"रागावतील."

"रागावू दे."

त्यानं वही पुढ्यात ओढली. मग पंधरावं पान उघडलं, तारीख विचारून घेतली, आणि लिहायला लागला. दोन भाकरी. वरण. थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, सकाळी गेटवर एक वडापाव.